तंबूच्या दुमडीतली चिठ्ठी

मी, वय एकोणपन्नास वर्षे, धंदा तंबू व ताडपत्री शिवणे, शिक्षण सातवी, गावच्या शाळेत, राहणार मालधक्क्यामागची गल्ली, दुकानाच्या वरची खोली. आज गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून जबाब देतो तो असा की,

वरील पत्त्यावर मी पत्नीसह सत्तावीस वर्षे राहत आहे. मुलीचे लग्न होऊन ती सासरी आहे. दुकानात दोन मशिने आणि कापड कापायचे एक लांब टेबल आहे. मला गल्लीत ताडपत्रीवाले काका म्हणतात. माझ्यावर यापूर्वी कोणतीही केस नाही व मी यापूर्वी कोणाविरुद्ध तक्रार दिलेली नाही.

डोंगराकडच्या भागात भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. सभेला ड्रायव्हर मंडळ, इस्पितळातल्या सिस्टर, बेकरीवाले, दोन्ही शाळांचे शिक्षक, भाजीबाजार आणि आमची गल्ली यांच्याकडून माणसे आली होती. मागच्या पुराच्या वेळी जो तो आपापली मदत घेऊन गेला होता. त्यामुळे एका छावणीत तीनदा चादरी पोहोचल्या आणि शेजारच्या छावणीत एकदाही नाही. म्हणून या वेळी सर्वांनी एकाच निधीत भरायचे ठरले. नियम असा की, एकदा रक्कम आत गेली की ती कोणाची हे विसरायचे. माझी रक्कम अमक्याच गावाला द्या, असे कोणी म्हणायचे नाही. मला हा नियम पटला. आमच्या शाळेतले गुरुजी सांगत की, दिल्यावर हात मागे घ्यावा आणि तोंड मिटावे.

निधीचा खजिनदार म्हणून घड्याळजीचे नाव मी सुचवले. त्याचे घड्याळदुरुस्तीचे दुकान चौकात आहे. तो आणि मी एकाच गावचे, एका बाकावरचे. गावाहून इथे येताना आम्हा दोघांत मिळून एकच पत्र्याची पेटी होती. सभेत मागून कोणीतरी विचारले, "त्याची हमी कोण घेणार?" मी उभा राहून "मी घेतो" म्हणालो. लोक हसले, कारण मी सभेत कधी बोलत नाही. त्यावर घड्याळजी म्हणाला, "याने हमी घेतली म्हणजे मला आता चोरी करायचीसुद्धा सोय राहिली नाही." लोक आणखी हसले.

आमच्या गल्लीची वर्गणी मी जमा केली. बेकरीवाल्या मावशींकडे गेलो तेव्हा त्यांनी ट्रे खाली ठेवून हात पुसले आणि कपाटातून पाकीट काढले. ते पाकीट दात बसवण्यासाठी बाजूला ठेवलेले होते, हे मला माहीत होते. मी म्हणालो, "मावशी, यातलं थोडं द्या." त्या म्हणाल्या, "तुमच्या निधीबिधीचं मला काही कळत नाही रे बाबा. मी तुझ्या तोंडाकडे बघून देते. घे मुकाट्याने." मी घेतले. अशा प्रकारे एकूण त्रेसष्ट घरांतून मी रक्कम घेतली व घड्याळजीकडे जमा केली. त्याच्या पावत्या सोबत दिल्या आहेत.

माझ्याकडे द्यायला रोख रक्कम नव्हती. निधीतून कापड, दोरा व पितळी रिंगा आणायच्या आणि शिलाई मी फुकट करायची, ती माझी वर्गणी, असे मी सांगितले. दहा आठवड्यांत शहाण्णव तंबू शिवले. त्या काळात बाहेरचे काम घेतले नाही. पत्नी एकदा म्हणाली, "तुमच्या पुण्यावर घरातली चूल पेटत नाही हो." दुसऱ्या दिवसापासून ती जेवणानंतर दुकानात येऊन रिंगा ठोकायला बसू लागली. सगळ्या रिंगा तिने ठोकल्या आहेत.

विचारल्यावरून सांगतो की, तंबू माझेच आहेत हे ओळखण्याची खूण पुढीलप्रमाणे आहे. दाराच्या बाजूला उभे राहिले की उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात मी कापड तीनदा दुमडतो. इतर शिवणारे दोनदा दुमडतात. वारा पहिल्यांदा तो कोपरा धरतो, म्हणून मी तिथे जास्तीची दुमड देतो. त्या दुमडीत प्रत्येक तंबूला मी एक चिठ्ठी घातली आहे. चिठ्ठी म्हणजे बोटभर पांढरी सुती पट्टी. तिच्यावर धोब्याच्या न पुसणाऱ्या शाईने दोन ओळी लिहिलेल्या आहेत. त्यावरून मशीन मारले की ती बाहेरून दिसत नाही आणि हाताला लागत नाही. हे मी कोणाच्या सांगण्यावरून केले नाही. पत्नीला सांगितले नव्हते. यामागे दुसरा कोणताही हेतू नव्हता. शिवताना मनात जे येते ते आत राहावे, इतकेच.

ही गोष्ट मी एका माणसाला सांगितली होती. पाचव्या आठवड्यात, बाजार बंद असतो त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास घड्याळजी दुकानात आला. तो बंदच्या दिवशी नेहमी येतो. कापडाच्या गठ्ठ्यावर बसतो आणि मी काम करतो. बोललेच पाहिजे असे नसते. त्या दिवशी मी दुमडीत पट्टी सरकवताना त्याने पाहिले.

तो म्हणाला, "काय कोंबतोयस रे आत?"

मी म्हणालो, "काही नाही. अस्तर आहे."

"बोटभर अस्तर? मी रोज केसाएवढी स्प्रिंग बघणारा माणूस आहे. मला सांगायला काय झालं? मी काय पोलीस आहे?"

मी त्याला पट्टी दिली. त्याने ती उजेडाकडे धरून वाचली. मग होती तशीच घडी घालून माझ्या हातात परत दिली. म्हणाला, "तू अजून शाळेतल्यासारखाच राहिलास." थोड्या वेळाने त्याने विचारले, "सगळ्यांत घालतोस? त्याच कोपऱ्यात?" मी म्हणालो, "हो, सगळ्यांत. दाराच्या उजव्या हाताला, खालच्या बाजूला." त्याने मान हलवली. तो ते श्रद्धेने विचारतो आहे असे मला वाटले. त्यामुळे त्या दिवशी मला बरे वाटले होते, हेही खरे आहे.

तंबू दोन खेपांत नेले. प्रत्येक खेपेला अठ्ठेचाळीस. तयार झालेले तंबू माझ्याकडे जागा नसल्यामुळे घड्याळजीच्या दुकानामागच्या खोलीत ठेवत होतो. खोलीची किल्ली त्याच्याकडे असे. गाडीत चढवताना दोन्ही वेळा मी स्वतः मोजून दिले व रवानगीच्या कागदावर त्याच्या सहीखाली माझी सही केली. गाडी ड्रायव्हर मंडळाची नव्हती, भाड्याची होती. मंडळाच्या गाड्या फुकट मिळत असताना भाड्याची गाडी का, असे मी पहिल्या खेपेला विचारले. तो म्हणाला, "घाटात त्यांच्या गाड्या चढत नाहीत." मी मान्य केले. पहिल्या खेपेला गाडी निघताना मी हात जोडले. भाड्याचा ड्रायव्हर म्हणाला, "काका, काचेला तुमचा हात लागतोय, बाजूला व्हा."

दुसऱ्या खेपेनंतर बारा दिवसांनी सभा झाली. घड्याळजीने छावणीकडून आलेले पोचेचे पत्र वाचून दाखवले. त्यात लिहिले होते की, तंबू मिळाले, एकेका तंबूत एक कुटुंब राहते आहे आणि लहान मुलांचा खोकला कमी झाला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेकरीवाल्या मावशींनी डोळे पुसले. पत्र कोणी हातात घेऊन पाहिले नाही. मीही पाहिले नाही.

गेल्या शनिवारी संध्याकाळी इस्पितळातल्या सिस्टर, ज्या माझ्या शेजारच्या घरात राहतात, त्या पंधरा दिवसांची छावणीतली ड्युटी करून परत आल्या. त्या मला लहानपणापासून काका म्हणतात. जिन्यातच त्यांनी विचारले, "काका, आपले तंबू कुठल्या छावणीत दिलेत?"

मी म्हणालो, "तुम्ही होतात त्याच. वरच्या."

त्या म्हणाल्या, "मग मला एकही कसा दिसला नाही? लोक खताच्या गोण्या जोडून त्याखाली झोपलेत. पहाटे बादलीतलं पाणी गोठतं. मी पंधरा दिवस रोज सगळ्या रांगा फिरले, काका. मला तुमची शिलाई ओळखू येत नाही का? आमच्या बाल्कनीचा पडदा तुम्हीच शिवलाय."

मी त्यांना खोकल्याबद्दल विचारले. त्या बॅग उचलून घरात गेल्या.

रविवारी सकाळी मी घड्याळजीला विचारले. तो म्हणाला की, तंबू ऐन वेळी पुढच्या छावणीत वळवले, सिस्टरला काय माहीत. मी त्याचे खरे मानले. सोमवारी सकाळी दहा वाजता एका बांधकाम ठेकेदाराचा फोन आला. त्याला सिमेंट झाकायला आणखी कापड हवे होते. माप घेण्यासाठी मी शहराबाहेरच्या त्याच्या गोदामावर गेलो. गोदामवाल्याने नमुना म्हणून अंगणातल्या गोण्यांवर टाकलेले कापड दाखवले आणि म्हणाला, "असंच पाहिजे, काका. हे स्वस्तात मिळालं होतं, पण शिलाई बघा कसली आहे. ओढून फाटत नाही." मी खाली बसून कोपरा पाहिला. दुमड तीन पदरी होती. रिंग थोडी तिरपी ठोकलेली होती. पत्नीचा हात दुखत होता त्या आठवड्यातल्या रिंगा तशा आहेत. माप न घेता परत आलो. येताना बस न घेता चालत आलो.

सोमवारी दुपारी दीड वाजता मी घड्याळजीच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हते. तो डोळ्याला भिंग लावून एक घड्याळ उघडून बसला होता. आमच्यात झालेले बोलणे मला आठवते तसे सांगतो.

मी म्हणालो, "आपले तंबू सिमेंटवर पडलेत."

तो म्हणाला, "आपले कशावरून? खाकी कापड सगळं एकसारखंच दिसतं."

"शिलाई माझी आहे."

"शिलाईला काय जीभ असते? साहेबापुढे उभी राहून साक्ष देणार आहे ती?"

"तिकडे पाणी गोठतं. सिस्टर सांगत होती."

यावर तो म्हणाला, "हे बघ. निधी सगळ्यांचा एकत्र आहे. तूच तर नियम डोक्यावर घेऊन नाचत होतास. त्यातलं तुझं कोणतं गेलं, मावशीचं कोणतं गेलं, ड्रायव्हरांचं कोणतं गेलं, वेगळं काढून दाखव मला. नाही दाखवता येणार. कोणालाच नाही येणार."

मी म्हणालो, "माझं दाखवता येईल. चिठ्ठ्या आहेत."

तो म्हणाला, "जा. उसवून बघ."

हे बोलताना त्याने डोळ्यावरचे भिंग काढले नाही. त्याचा आवाज शांत होता. इतका शांत माणूस खोटा नसेल, असे वाटून मी दाराशी थोडा वेळ उभा राहिलो. तो शांत का होता, ते मला बुधवारी समजले.

मंगळवारी सकाळी ठाण्यात येऊन मी तक्रार दिली. बुधवारी सकाळी अकरा वाजता पोलिसांनी ठेकेदाराच्या गोदामातून एकेचाळीस तंबू ताब्यात घेतले. बाकीचे पंचावन्न कुठे आहेत ते मला माहीत नाही. पंचांसमक्ष कोपरे मी माझ्या हाताने उसवले. पहिल्या तंबूत चिठ्ठी नव्हती. दुसऱ्यात नव्हती. पंचांपैकी एक जण म्हणाला, "काका, नीट आठवा, हेच का ते?" दहा तंबू झाले तेव्हा हवालदार साहेबांनी चहा मागवला. मला स्वतःबद्दलच शंका येऊ लागली होती. मग मी अकराव्याची दुमड उसवण्याआधी खिडकीशी नेऊन पाहिली.

माझी शिलाई मेण लावलेल्या तपकिरी दुपदरी दोऱ्याची आहे. त्या कोपऱ्यात तीन टाके तपकिरी नव्हते. काळे होते, बारीक होते आणि हाताने घातलेले होते. तीनच टाके कापून, त्या फटीतून काही ओढून काढून, फट पुन्हा बंद केलेली होती. एवढ्या फटीत माझे बोट जात नाही. दाभण घातले तर कापड फाटते. ते काम अगदी बारीक चिमट्याचे आहे. नंतर पाहिले तर चाळीस तंबूंत त्याच जागी तेच तीन टाके होते; आधी उसवलेल्या दहांत त्या काळ्या दोऱ्याचे तुकडे मिळाले. एकही टाका वाकडा नव्हता. काळा दोरा मी ओळखला. घड्याळाचे चामडी पट्टे शिवायला तो वापरतात. माझ्या मनगटावरच्या पट्ट्यालाही तोच आहे. हा पट्टा घड्याळजीने गेल्या वर्षी शिवून दिला, पैसे घेतले नाहीत. पट्टा पोलिसांनी तुलनेसाठी मागितला, तो मी काढून दिला आहे. त्याच दुपारी पोलिसांनी घड्याळजीच्या दुकानातून त्या दोऱ्याचे रीळ जप्त केले, असे मला सांगण्यात आले.

एकेचाळिसाव्या तंबूचा तो कोपरा कोणी उघडलेला नव्हता आणि त्यात चिठ्ठीही नव्हती. तेव्हा मला आठवले की, आठव्या आठवड्यात मला ताप होता व एक कापड मशीनवर उलटे आले. तीन पदरी दुमड आणि चिठ्ठी डाव्या कोपऱ्यात गेली. चूक लक्षात आल्यावर मी उसवायला घेतले होते. मग वाटले की, ज्याच्यासाठी लिहिले आहे त्याला कोपरा सांगावा लागत नाही. म्हणून तसेच ठेवले आणि उजवीकडे नुसती दोन पदरी दुमड दिली. डावा कोपरा उसवल्यावर चिठ्ठी मिळाली. एकेचाळीसमधली ती एकच.

विचारल्यावरून सांगतो की, उजव्या कोपऱ्याची गोष्ट घड्याळजीशिवाय कोणालाही माहीत नव्हती. मी दुसऱ्या कोणाला सांगितलेली नाही.

विचारल्यावरून सांगतो की, त्याने असे का केले ते मला माहीत नाही. हल्ली घड्याळ दुरुस्तीला कोणी आणत नाही, दुकान अडचणीत होते, हे सगळ्या चौकाला माहीत होते. मलाही माहीत होते. मी त्याबद्दल कधी विचारले नाही. त्याने सांगितले असते तर माझे एक मशीन विकता आले असते.

काल संध्याकाळी सहा वाजता घड्याळजीची पत्नी माझ्या घरी आली. मी त्यांना वहिनी म्हणतो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तीस वर्षं एका ताटात जेवलात. घरी येऊन दोन मुस्काटात दिल्या असत्यात तर मीच दार लावून घेतलं असतं. पण थेट चौकीत गेलात?" माझ्या पत्नीने पाणी पुढे केले. वहिनींनी घेतले नाही. जाताना त्या म्हणाल्या, "दुकानामागच्या खोलीत बसून हे रोज संध्याकाळी काहीतरी उसवायचे. मी विचारलं तर म्हणायचे, त्याचं चुकलंय कुठंतरी, दुरुस्त करतोय." हे वहिनींचे शब्द मी इथे सांगावेत की नाही, याचा मी रात्रभर विचार केला. विचारले गेले म्हणून सांगितले.

चिठ्ठीवरचा मजकूर जबाबात घेऊ नये अशी मी विनंती केली. पुरावा असल्यामुळे घ्यावा लागेल, असे मला सांगण्यात आले. मजकूर असा: "आत जो निजेल त्याला ऊब दे. शिवणारा कोण ते तुला माहीत आहे, आणखी कोणाला कळायला नको."

ताब्यात घेतलेले एकेचाळीस तंबू थंडी आणखी वाढण्याआधी छावणीत पाठवावेत, अशी माझी दुसरी विनंती आहे. ते मुद्देमाल असल्यामुळे कोर्टाच्या हुकुमाशिवाय हलवता येणार नाहीत, असे साहेबांनी सांगितले. तसा अर्ज करण्यास मी तयार आहे. आज सकाळी आत येताना ते मागच्या खोलीत पाहिले. कोपरे उसवलेले आहेत. परवानगी मिळाल्यास मी इथेच बसून शिवून देईन. मोबदला नको.

आज सकाळी आठ वाजता, इकडे निघण्याआधी, बेकरीवाल्या मावशी दुकानात आल्या. त्यांनी टेबलावर पुन्हा एक पाकीट ठेवले. मी म्हणालो, "मावशी, आता माझ्याकडे देऊ नका." त्या म्हणाल्या, "ह्या वेळी तुझ्या तोंडाकडे बघून नाही देत. तिकडच्या थंडीकडे बघून देते. कापड आण." मी पाकीट घेतले. त्यांच्यासमोर उघडले नाही. सिस्टर आणि ड्रायव्हर मंडळाचे दोन जण माल स्वतः घेऊन जाणार आहेत.

मावशी येण्याआधीच, काल उधारीवर कापड आणून रात्रीत एक तंबू शिवून झाला आहे. त्याचा कोपरा मी तीनदाच दुमडला आहे. आत काही घातलेले नाही.

वर लिहिलेला जबाब मी सांगितला तसाच उतरवला आहे. हवालदार साहेबांनी तो मला सुरुवातीपासून वाचून दाखवला. चिठ्ठीच्या दोन ओळींजवळ ते थांबले व कागद माझ्याकडे फिरवला. तेवढ्या ओळी मी स्वतः मनात वाचल्या. सर्व मजकूर खरा व बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.